सीटीओ की पहिला अभियंता? वाडीतील एका वाहतूक-सॉफ्टवेअर कंपनीच्या भरतीचे प्रकरण

कंपनी आणि तिचा व्यवसाय

नागपूरला लागून असलेल्या वाडी येथे, अमरावती मार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या गोदामांच्या आणि ट्रान्सपोर्ट कार्यालयांच्या वस्तीत, दोघांनी मिळून लहान वाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर विकणारी एक खासगी मर्यादित कंपनी सुरू केली. कंपनीचे व संबंधित व्यक्तींचे नाव येथे घेतलेले नाही. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम धावणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नागपूरपाशी एकत्र येतात; त्यामुळे चार-सहा गाड्यांवर धंदा करणारे मालक, त्यांचे मुनीम आणि त्यांचे हिशेब हे सगळे कंपनीला दारातच उपलब्ध होते. एका संस्थापकाचे घराणे ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले असून त्यांनी स्वतः तरुणपणी बिल्ट्या (माल गाडीत चढवल्याच्या पावत्या) फाडलेल्या होत्या. दुसऱ्या संस्थापिका लेखापालन शिकलेल्या असून याच वाहतूकदारांची जीएसटी विवरणपत्रे त्या भरत असत. दोघांपैकी कोणालाही कोड लिहिता येत नव्हता.

उत्पादन साधे होते. मोबाईलवर बिल्टी बनवावी, ई-वे बिलाची (माल वाहून नेण्यासाठी सरकारी पोर्टलवर काढावे लागणारे जीएसटीचे कागदपत्र) मुदत सांभाळावी आणि माल उतरल्यावर सही-शिक्क्याच्या पोचेचे छायाचित्र लगेच कार्यालयात पोहोचवावे, एवढेच त्याचे काम. वाहतुकीच्या धंद्यात भाड्याचा एक भाग गाडी निघताना मिळतो आणि उरलेली रक्कम पोच परत आल्याशिवाय हलत नाही. पोचेचा कागद आठवडाभर ड्रायव्हरच्या खिशात पडून राहिला तर मालकाचे पैसेही तितकेच दिवस अडकतात. ही नड संस्थापकांना अचूक कळलेली होती आणि म्हणूनच सॉफ्टवेअर कच्चे असतानाही ग्राहक त्याचे मासिक शुल्क भरत होते.

सॉफ्टवेअर मात्र बाहेरच्या एका संस्थेकडून करारावर बनवून घेतलेले होते, आणि या प्रकरणातील बहुतेक अडचणींचे मूळ तेथे आहे.

मध्यरात्रीचा हिशेब

ई-वे बिलाच्या मुदतीचा नियम वाचायला सोपा वाटतो. साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या कोणत्याही उरलेल्या भागाला, एक दिवस मिळतो. २०२१ पूर्वी हे अंतर १०० किलोमीटर होते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची पूर्ण लांबी कापायची असेल तर चार दिवस मिळतात. परंतु नियमातला ‘दिवस’ चोवीस तासांचा नाही. बिलाच्या भाग ब मध्ये गाडीचा क्रमांक प्रथम भरला गेल्यापासून मुदत सुरू होते आणि पहिला दिवस दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे सोमवारी सकाळी दहा वाजता क्रमांक भरला असेल तर चार दिवसांची मुदत शुक्रवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालते. करारावर बनवलेल्या सॉफ्टवेअरने सरळ चार गुणिले चोवीस असा हिशेब धरला होता आणि ते शुक्रवारी सकाळी दहालाच मुदत संपल्याचा इशारा देत असे.

इशारा मिळाला की मुनीम ड्रायव्हरला फोन करून गाडी ढाब्यावर थांबवायला सांगे आणि मुदत वाढवायला बसे. मुदतवाढ ही मूळ मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच मिळते. म्हणजे या उदाहरणात शुक्रवारी दुपारी चारच्या आधी पोर्टल ती स्वीकारतच नाही. “भाऊ, पोर्टल तर नाही म्हणून राहिलं,” अशी तक्रार घेऊन एक मुनीम कंपनीच्या कार्यालयात येऊन बसले तेव्हा दोष कुठे आहे हे संस्थापिकेला तत्काळ समजले, कारण नियम त्यांना पाठ होता. त्यांनी बाहेरच्या संस्थेला सविस्तर लिहून कळवले. तेथून आधी वेगळ्या खर्चाचे अंदाजपत्रक आले, मग दुरुस्तीला आठवडे लागले, आणि दुरुस्ती झाल्यावर गाडी बदलली की मुदत नव्याने सुरू होते असा दुसरा दोष शिरला. वास्तविक वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढवला तर भाग ब मधील क्रमांक बदलतो, मुदत बदलत नाही. पहिल्या दोषामुळे गाड्या विनाकारण थांबत होत्या. दुसऱ्यामुळे मुदत संपलेल्या बिलावर त्या धावू शकत होत्या, आणि अशा गाडीची तपासणी झाली तर ती मालासह अडकवून ठेवली जाते व कराच्या दुपटीइतका दंड भरावा लागू शकतो. ग्राहकांच्या दृष्टीने या दोन दोषांची तुलनाच होऊ शकत नाही.

याच सुमारास एका संभाव्य गुंतवणूकदाराने विचारले की तुमचे तंत्रज्ञान कोणाच्या हातात आहे. संस्थापकांनी त्या प्रश्नाचा अर्थ ‘तुमच्याकडे सीटीओ (मुख्य तंत्रज्ञान अधिकारी) नाही’ असा घेतला आणि सीटीओचा शोध सुरू केला.

पहिला शोध

जाहिरातीत किमान बारा वर्षांचा अनुभव, दोन आकडी संख्येतील तांत्रिक कौशल्यांची यादी आणि ‘नेतृत्वगुण’ यांची मागणी होती. ही यादी दुसऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींवरून तयार झाली होती, हे ती वाचताच लक्षात येई. त्यात ई-वे बिल, बिल्टी किंवा ट्रान्सपोर्ट यांपैकी एकही शब्द नव्हता. एका रिक्रूटरलाही काम दिले गेले. त्यांचा दर उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला पडणाऱ्या एकूण पगारखर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतका होता आणि तो या क्षेत्रात रूढ आहे. वार्षिक पगाराच्या प्रमाणात मोबदला घेणाऱ्या मध्यस्थाकडून स्वस्त व होतकरू उमेदवार येतील अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होते, आणि तसे ते आलेही नाहीत.

अखेर पुण्यातील एका मोठ्या सेवा कंपनीत वरिष्ठ व्यवस्थापक असलेल्या, मूळ नागपूरच्या एका गृहस्थांवर एकमत झाले. त्यांचे आईवडील नागपुरात होते, घर होते आणि परतण्याची इच्छा त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवली होती. मुलाखती धंतोलीतल्या एका कॉफी हाऊसमध्ये झाल्या आणि त्या छान रंगल्या, असे संस्थापक आजही सांगतात. कंपनी कुठे जाईल, वाहतूक क्षेत्र कसे बदलेल, मोठे संघ कसे हाताळावेत यावर पुष्कळ बोलणे झाले. कोडचा एक तुकडाही कोणी कोणाला दाखवला नाही. ऑफर लेटर दिले गेले, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड सुरू झाला, आणि तो संपत आला असताना त्यांच्या कंपनीने बढती व पगारवाढ देऊन त्यांना थांबवून घेतले.

तीन महिने नोटीस पिरियड हे भारतीय आयटी कंपन्यांतले नेहमीचे चित्र असून या काळात काउंटर ऑफर येणे, किंवा उमेदवाराने हातातील ऑफर दाखवून तिसरीकडे जास्त मिळवणे, हेही नेहमीचेच आहे. मोठी कंपनी अशी एखादी जागा रिकामी राहिली तरी चालवून घेते. या कंपनीचे मात्र ते तीन महिने पूर्णपणे वाया गेले, कारण ‘नवे सीटीओ आले की बघू’ म्हणून प्रत्येक तांत्रिक निर्णय पुढे ढकलण्यात आला होता. दरम्यान दोन ग्राहक पुन्हा वहीवर गेले.

संस्थापकांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की नागपुरात दर्जेदार माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत. प्रस्तुत लेखकाला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले ते या टप्प्यावर. तो निष्कर्ष मान्य करण्यासारखा नव्हता. त्या गृहस्थांनी शब्द पाळला असता आणि ते रुजू झाले असते, तर कंपनीची स्थिती अधिक बिकट झाली असती असे लेखकाचे मत आहे: त्यांनी अनेक वर्षांत स्वतः कोड लिहिलेला नव्हता, आणि ज्यांना हाताळायचे तो संघ कंपनीत अस्तित्वातच नव्हता.

बारा महिन्यांतले निर्णय

दुसऱ्या शोधापूर्वी दोन्ही संस्थापकांना एक काम दिले गेले. येत्या बारा महिन्यांत तांत्रिक माणसाला कोणते निर्णय घ्यावे लागतील आणि त्यांतील कोणते निर्णय आपण स्वतः घेऊ शकत नाही, हे त्यांनी वेगवेगळे बसून लिहायचे होते. पदनाम लिहायचे नव्हते. दोघांच्या यादीत फरक पडला आणि तो फरक उपयोगी ठरला. संस्थापिकेच्या यादीत सर्वांत वर मुदतीच्या हिशेबाची दुरुस्ती आणि बाहेरच्या संस्थेकडून कोड ताब्यात घेणे होते. संस्थापकांच्या यादीत सर्वांत वर होते महामार्गावर नेटवर्क नसताना पोचेचे छायाचित्र जपून ठेवणे, कारण ड्रायव्हरांच्या तक्रारी त्यांच्याकडे येत. ई-वे बिल प्रणालीशी मधल्या सेवा-पुरवठादारामार्फत जोडणी घ्यायची की मुनीमालाच पोर्टलवर पाठवायचे, आणि आहे तो कोड दुरुस्त करायचा की नव्याने लिहायचा, हे दोन निर्णय दोन्ही याद्यांत होते.

या यादीत दहा माणसांचा संघ बांधणे नव्हते, तंत्रज्ञानाचे अंदाजपत्रक नव्हते, संचालक मंडळापुढे सादरीकरण नव्हते. म्हणजेच जाहिरात ज्या कामाची दिली गेली ते काम कंपनीत निदान वर्षभर तरी उद्भवणार नव्हते. हवा होता तो असा अभियंता की जो स्वतःच्या हाताने कोड लिहील, मुनीमाशी बोलून नियम समजून घेईल, आणि वर्षाअखेर आणखी दोघांना घेऊन त्यांना शिकवू शकेल.

‘सीटीओ’ हे पद आता देऊ नये, असा सल्ला यावरून दिला गेला. संस्थापिकेचा त्याला विरोध होता, आणि तो निराधार नव्हता: गुंतवणूकदाराला पद दिसले पाहिजे, शिवाय पगारात कमी पडणाऱ्या कंपनीकडे द्यायला पदच तर आहे, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजूचा विचार असा की दिलेले पद परत घेता येत नाही. दोन वर्षांनी संघ मोठा झाला आणि पहिला अभियंता ते काम पेलू शकला नाही, तर त्याच्या डोक्यावर दुसऱ्याला बसवावे लागते, आणि कोडची सर्वाधिक माहिती असलेला माणूस दुखावून निघून जातो. शेवटी गुंतवणूकदारालाच विचारण्याचे ठरले. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते: कोड कंपनीच्या मालकीचा आहे का, आणि तो बदलू शकणारा माणूस पगारपत्रकावर आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते.

नागपुरातील उमेदवार

नागपुरात अभियंते नाहीत हे म्हणणे टिकत नाही. व्हीएनआयटी, २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई, रायसोनी अशा संस्थांतून दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी बाहेर पडतात. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा यांची केंद्रे आहेत, पर्सिस्टंटचे कार्यालय शहरात पूर्वीपासून आहे. मात्र पदवीनंतर पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरू हा येथला ठरलेला रस्ता असल्यामुळे पाच ते दहा वर्षांचा, स्वतः उत्पादन बांधण्याचा अनुभव असलेला थर शहरात पातळ आहे. कोविडनंतर घरून काम करणारे जे परतले, ते नागपुरात राहून पुण्याचा किंवा परदेशी पगार घेतात. वाडीच्या कंपनीची स्पर्धा मिहानमधील कंपन्यांशी जितकी आहे त्याहून जास्त या पगारांशी आहे.

संस्थापकांचा परतणाऱ्या माणसांवर फार विश्वास होता. घरच्यांसाठी परत आलेला माणूस सोडून जाणार नाही, असे त्यांचे गणित. लेखकाला हे गणित अर्धेच पटते. परतीची ओढ माणसाला शहरात ठेवते. कंपनीत ठेवतेच असे नाही, विशेषतः घरून काम करण्याची सोय असलेल्या काळात. पहिल्या शोधात हीच ओढ पात्रतेच्या जागी मोजली गेली होती.

माणूस टिकावा म्हणून ‘बॉण्ड’ (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची लेखी हमी) लिहून घ्यावा आणि मूळ गुणपत्रिका जमा करून घ्याव्यात, असाही एक प्रस्ताव कार्यालयातल्या चर्चेत आला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरतो. त्यामुळे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये अशी अट न्यायालयात उभी राहत नाही. नोकरीतील किमान सेवेच्या अटीचे तसे नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात अशी अट आणि तिच्या भंगाबद्दलची रक्कम वैध ठरवली आहे. पण तेथे सार्वजनिक भरतीची लांब व खर्चिक प्रक्रिया हा युक्तिवादाचा भाग होता. दोघा संस्थापकांच्या कंपनीने तो कित्ता गिरवला असता तर चांगले उमेदवार दारातूनच परतले असते, हे सांगायला कायदा लागत नाही. गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा विचार तर चर्चेलाही घेऊ नये असा आहे.

निवड

नवी जाहिरात एका पानाची होती. तिच्यात कामाचे वर्णन मराठीत आणि इंग्रजीत होते, पगाराची मर्यादा उघड लिहिली होती, आणि मध्यरात्रीच्या हिशेबाचा दोष उदाहरण म्हणून सांगितला होता. अर्ज पूर्वीपेक्षा कमी आले. त्यांतून तिघांना पुढे बोलावण्यात आले.

मुलाखतीची पद्धत ठरवताना संशोधनाचा आधार घेतला गेला. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दाखवले की अनुभवाची वर्षे कामगिरीचा अंदाज फार कमी देतात, तर प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत यांचा उपयोग बराच होतो. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्या आकड्यांचे फेरपरीक्षण केले तेव्हा बहुतेक पद्धतींचे गुण खाली आले, पण सर्वांना तेच प्रश्न व त्याच निकषांवर गुण देणारी मुलाखत सर्वांत वर राहिली. धंतोलीच्या कॉफी हाऊसमधल्या गप्पा या मोजमापात कोठे बसतील हे सांगण्याची गरज नाही.

प्रत्येक उमेदवाराला अर्ध्या दिवसाचे काम दिले गेले आणि त्याचे पैसेही दिले गेले. कामाचे दोन भाग होते. पहिल्यात मुदत मोजणाऱ्या कोडचा खरा तुकडा देऊन त्यातील दोष शोधायचे होते. सूचनापत्रात नियम मुद्दाम अपुरा लिहिला होता आणि हवे ते प्रश्न संस्थापिकेला विचारण्याची मुभा होती. दुसऱ्यात नेटवर्क नसताना पोचेचे छायाचित्र कसे सांभाळाल हे लिहून द्यायचे होते. गुण देण्याचे निकष आधीच लिहून ठेवले होते आणि दोन्ही संस्थापकांनी एकमेकांशी न बोलता गुण दिले. कोडची तपासणी मात्र त्यांच्याने होण्यासारखी नव्हती. त्यासाठी कंपनीशी हितसंबंध नसलेल्या एका अनुभवी अभियंत्याला मोबदला देऊन बसवले गेले. तांत्रिक नसलेल्या संस्थापकांनी हा खर्च कधीही वाचवू नये असे लेखकाचे ठाम मत आहे.

पहिल्या उमेदवार मिहानमधील एका मोठ्या कंपनीत सहा वर्षे काम केलेल्या होत्या. त्यांचा कोड तिघांत सर्वांत नीटनेटका होता आणि चाचण्या (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) तर त्यांनी न सांगता लिहिल्या. परंतु अपुऱ्या नियमाबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि जे लिहिले होते ते जसेच्या तसे अमलात आणले. दुसरे बंगळुरूहून दूरस्थ पद्धतीने काम करू इच्छिणारे होते. त्यांचे नेटवर्कविषयीचे टिपण तपासनिसाला फारच आवडले. पण त्यांची पगाराची अपेक्षा दोन माणसांच्या पगाराइतकी होती, शिवाय ते कर्मचारी न होता सल्लागार म्हणून काम करू पाहत होते.

तिसऱ्यांच्या बायोडेटात दोन वर्षांची रिकामी जागा होती. पुण्यात एका उत्पादन कंपनीत सात वर्षे काढल्यावर वडिलांच्या आजारपणासाठी ते नागपूरला परतले आणि त्या काळात विदर्भातल्या एक-दोन राइस मिलना वजनकाट्याच्या पावत्यांचे सॉफ्टवेअर लिहून देत होते. संस्थापकांना ही रिकामी जागा खटकली. कामाच्या दिवशी मात्र या उमेदवाराने कोड उघडण्याआधी विचारले की मुदत बिल बनल्यापासून मोजायची की गाडीचा क्रमांक भरल्यापासून, आणि वाटेत गाडी बदलली तर काय. थोड्या वेळाने कार्यालयातल्या मुनीमापाशी जाऊन दिवसाला किती मुदतवाढी कराव्या लागतात हेही विचारून आले. उरलेल्या अंतराचा दिवस धरताना त्यांनी एक चूक केली आणि चाचण्या जेमतेम लिहिल्या. तपासनिसाने निव्वळ कोडसाठी पहिल्या उमेदवाराला अधिक गुण दिले.

निर्णय सहज झाला नाही. संस्थापकांचे मन पहिल्या उमेदवाराकडे होते, कारण मोठ्या कंपनीची शिस्त त्यांना हवी होती. संस्थापिकेला तिसरे हवे होते. येथे बारा महिन्यांची यादी पुन्हा पुढे ठेवली गेली. तिच्यातील बहुतेक निर्णय अपुऱ्या माहितीवर, ग्राहकाला विचारून घ्यायचे होते. चाचण्या लिहिण्याची शिस्त अंगी बाणवता येते. विचारल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय नोकरीच्या पहिल्या वर्षात लावता येईल याची खात्री लेखकाला नव्हती. तिसऱ्या उमेदवाराला ऑफर द्यायचे ठरले, आणि संघात दुसरी जागा निघेल तेव्हा सर्वप्रथम विचारू असे पहिल्या उमेदवाराला लेखी कळवण्यात आले.

पगार, ईसॉप आणि कोडची मालकी

पगार त्यांच्या पुण्यातल्या शेवटच्या पगाराच्या जवळपास तीन चतुर्थांश ठरला. उरलेल्याची भरपाई ईसॉपने (कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याच्या पर्यायाने) करायची होती आणि वाटाघाटींचा बहुतेक वेळ त्यातच गेला. उमेदवाराने कंपनीच्या भांडवलाच्या ५ टक्क्यांची मागणी केली, संस्थापक १ टक्क्यावर अडून होते. टक्क्यांवर घासाघीस करण्याऐवजी अटी आधी ठरवाव्यात, असे सुचवले गेले. चार वर्षांत हक्क टप्प्याटप्प्याने मिळावा आणि पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीही मिळू नये, ही रूढ रचना आहे. पर्याय देणे आणि त्याचा हक्क पक्का होणे यांत किमान एक वर्षाचे अंतर असले पाहिजे, असे कंपनी कायद्याखालील २०१४ चे भागभांडवल नियमही सांगतात. हे नियम ईसॉप कायम कर्मचारी व काही संचालक यांच्यापुरते ठेवतात. म्हणजे बंगळुरूच्या उमेदवाराला सल्लागार म्हणून घेतले असते तर त्यांना ईसॉप देताच आले नसते.

सर्वांत उशिरा लक्षात आलेली अट नोकरी सोडल्यानंतरच्या मुदतीची होती. अनेक योजनांत राजीनाम्यानंतर तीन महिन्यांत पर्याय वापरावा लागतो, नाहीतर तो बुडतो. पर्याय वापरताना शेअरचे बाजारमूल्य आणि भरलेली किंमत यांतील फरक पगारासारखा करपात्र ठरतो, आणि तो कर अशा शेअरवर भरावा लागतो की जो कुठे विकता येत नाही. हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० च्या वित्त अधिनियमाने आणली, परंतु ती सर्व स्टार्टअपना नाही. डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाची) नुसती मान्यता पुरत नाही, करसवलतीसाठीचे वेगळे प्रमाणपत्र असावे लागते, आणि ते या कंपनीकडे नव्हते. उमेदवाराने मागणी २ टक्क्यांवर आणली आणि त्या बदल्यात राजीनाम्यानंतर पर्याय वापरण्यासाठी पाच वर्षांची मुदत मागितली. संस्थापिकेने ही देवघेव तत्काळ स्वीकारली. संस्थापकांना ती पटायला काही दिवस लागले.

ऑफरसोबत एक पान जोडले होते. कंपनी बंद पडली तर या शेअरची किंमत शून्य, विकली गेली तर ती कशी ठरेल, आणि पुढील गुंतवणुकीत टक्केवारी कशी घटेल, हे त्यात आकड्यांची स्वप्ने न दाखवता लिहिले होते. हे पान उमेदवारापेक्षा त्यांच्या घरच्यांसाठी अधिक उपयोगी पडले, कारण घरी विचारला जाणारा प्रश्न ‘हातात किती येणार’ हाच असतो आणि तो रास्त आहे.

उमेदवाराची आणखी एक अट होती: आपण रुजू होण्यापूर्वी कोड कंपनीच्या ताब्यात आणि मालकीचा झालेला असावा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार कर्मचाऱ्याने नोकरीच्या ओघात लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या संस्थेने वा स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेला कोड मात्र पैसे दिले म्हणून आपोआप ग्राहकाचा होत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. जुन्या करारात ‘सॉफ्टवेअर बनवून देण्यात येईल’ एवढेच वाक्य होते. शिवाय हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वर्षभरात हक्क वापरला नाही तर ते हस्तांतरणही संपुष्टात येऊ शकते. या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेला लेख वकिलाकडून करून घेण्यात आला आणि बाहेरच्या संस्थेचे शेवटचे थकीत बिल त्यावरील सहीनंतरच चुकते केले गेले. रिपॉझिटरी (कोडचा साठा), सर्व्हर, डोमेन आणि प्ले स्टोअरचे खाते हे सगळे कंपनीच्या नावावर आणायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. खाती त्या संस्थेतील एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेली होती आणि तो कर्मचारी मधल्या काळात नोकरी सोडून गेला होता.

पुढचे वर्ष

नव्या अभियंत्यांनी सर्व कोड नव्याने लिहायचा मोह टाळला. मुदतीचा हिशेब त्यांनी आधी वेगळा काढून दुरुस्त केला आणि बाकीचे तसेच चालू ठेवले. पोचेचे छायाचित्र फोनमध्येच साठवून नेटवर्क आल्यावर पाठवण्याची सोय पावसाळ्यापूर्वी झाली. ई-वे बिल प्रणालीशी थेट जोडणी मात्र वर्षभर लांबली. त्याचे कारण तांत्रिक नव्हते, सेवा-पुरवठादाराचे दर लहान वाहतूकदारांना परवडतील असे बसवायचे होते.

दुसरी जागा निघाली तेव्हा मिहानमधील त्या उमेदवाराला दिलेल्या शब्दाप्रमाणे विचारण्यात आले. त्यांची नोटीस तीन महिन्यांची होती. या वेळी कंपनीने त्या काळात त्यांना दर पंधरवड्याला कार्यालयात बोलावून संघाशी ओळख ठेवली, आणि त्या ठरल्या तारखेला रुजू झाल्या. स्थानिक महाविद्यालयातून घेतलेल्या दोन प्रशिक्षणार्थींपैकी एक राहिला, दुसरी पुण्याला गेली. तिला कोणी अडवले नाही.

सीटीओचे पद अजून रिकामे आहे. पहिल्या अभियंत्याच्या ऑफर लेटरमध्ये त्याविषयी एक कलम आहे आणि ते त्यांनीच मागून घेतले होते: तांत्रिक संघ आठ जणांचा झाला, किंवा बाहेरून सीटीओ आणण्याचा विचार सुरू झाला, की आधी त्यांच्या उमेदवारीचा लेखी निकषांवर विचार होईल, आणि तरीही बाहेरची व्यक्ती निवडायची ठरली तर तिच्या निवड मंडळात ते असतील. संघ सध्या पाच जणांचा आहे. ते निकष कोणते असावेत यावर दोघांचे एकमत झालेले नाही. संस्थापिका म्हणतात की ते आत्ताच लिहून ठेवावेत, संस्थापकांना वाटते की सहावा माणूस आल्यावर पाहू.